तक्रार बंद, गटार उघडं

कुस्तीच्या आखाड्यात ‘निकाली’ या शब्दाला अर्थ असतो. कुणाची तरी पाठ मातीला लागते, पंच हात वर करतो, बघायला जमलेले लोक साक्षीला असतात. महापालिकेच्या तक्रार यंत्रणेत हाच शब्द येतो तेव्हा पंच नसतो, साक्षीदार नसतात, आणि पाठ दर वेळी तक्रारदाराचीच टेकते. “आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद.” मेसेज वाचून खिडकीतून बघावं तर चेंबरचं झाकण अजून गायब, काळं पाणी मस्जिदीच्या पायरीपर्यंत आलेलं, आणि शाळेतून परतणारी पोरं मांडलेल्या विटांवर पाय ठेवत तोल सांभाळत चाललेली. सहकार्य नेमकं कसलं केलं आपण?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यातही दिवसभर तक्रारीच येतात, आम्ही त्यांना बग म्हणतो. बरी चाललेली कोणतीही टीम एक नियम पाळते: ज्याने कोड लिहिला त्याने आपल्याच कोडमधला बग आपणच बंद करायचा नाही. तो फार तर ‘दुरुस्त केला’ असं लिहू शकतो. बंद करणार तो, ज्याने बग दाखवला, नाहीतर टेस्टिंगवाला. हा नियम आम्ही फार सज्जन आहोत म्हणून आलेला नाही. डेडलाइन जवळ आली की प्रत्येकाला आपला बग दुरुस्त झाल्यासारखा वाटायला लागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून आला.

महापालिकेत उलटं आहे. ॲपवर, हेल्पलाइनवर किंवा कागदावर केलेली तक्रार प्रभाग कार्यालयात जाते, तिथून त्या भागाच्या स्वच्छता निरीक्षकाकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे. ज्याच्या कामाबद्दल तक्रार आहे, तक्रार बंद करायचं बटणही त्याच्याच साखळीत. वर बैठकीत पडद्यावर प्रलंबित तक्रारींचा आकडा लावतात. आकडा मोठा असेल तर सगळ्यांसमोर झापलं जातं. आता मला सांगा, ज्याला एका आकड्यावरून बोलणी खावी लागतात आणि तो आकडा कमी करायचं बटणही ज्याच्याच बोटाखाली आहे, तो काय करेल? गाळ काढायला माणसं लागतात, जेटिंग मशीन लागतं, गाळ उचलायला डंपर लागतो. बटणाला फक्त बोट लागतं. यात कुणी खलनायक नाही. यंत्रणाच अशी बांधली आहे.

केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणाने यात भरच घातली. स्पर्धा 2016 पासून सुरू झाली, आणि ‘स्वच्छता’ ॲपचा वापर व त्यावरच्या तक्रारींचा निपटारा यांनाही तिच्यात गुण मिळू लागले. गुण मिळतात ते बंद झालेल्या तक्रारीला. बंद झालेल्या चेंबरला नाही.

हे मी हवेत बोलत नाही. माझ्या शहराचं नाव इथे लिहीत नाही, पण तिथे मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. मागणी साधी होती: वर्षभरात आमच्या प्रभागातल्या कचरा आणि गटारांच्या तक्रारी, दाखल झाल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख आणि वेळ, आणि बंद करताना लिहिलेला शेरा. उत्तर आलं, “सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.” म्हणजे संगणकात आहे, पण संकलित नाही. मी पोट भरतो तेच या कामावर. एवढी यादी काढायला एक ओळ लिहावी लागते. पहिल्या अपिलात छापील कागदांचा गठ्ठा मिळाला. शेऱ्याच्या रकान्यात पानामागून पान एकच वाक्य: “सदर ठिकाणी पाहणी करून आवश्यक ती कार्यवाही करण्यात आली.” अर्धविरामाचाही फरक नाही. आणि बंद झाल्याच्या वेळा बघितल्या तर महिनाअखेरीच्या संध्याकाळी एकाच मिनिटात चार-चार, पाच-पाच तक्रारी निकाली. एका मिनिटात पाच गल्ल्यांची पाहणी करणारा माणूस खरोखर असेल तर त्याला ऑलिंपिकला पाठवा, प्रभाग कार्यालयात कशाला अडकवता?

दुसरी एक पळवाट आहे, ती जास्त सभ्य दिसते. “सदर तक्रार या विभागाशी संबंधित नाही.” कचरा घनकचरा विभागाचा. संडासाचं पाणी वाहून नेणारी लाइन मलनिस्सारणाची. पावसाचं पाणी नेणारा नाला पर्जन्य जलवाहिनीवाल्यांचा. तुटलेलं झाकण बांधकामवाल्यांचं. आमच्या गल्लीत हे चौघं एकाच खड्ड्यात भेटतात. नागरिकाने मात्र आधी ओळखायचं की नाकात शिरणारा वास नेमका कोणत्या विभागाचा आहे. चुकलात तर तक्रार बंद. ती योग्य विभागाकडे पाठवली जात नाही, बंदच होते. परत केली तर नवा क्रमांक, नवी तारीख. कागदावर गटार कालच तुंबलेलं असतं, गल्लीत ते पावसाळ्यापासून तुंबलेलं असतं.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या मोहल्ल्यांतून तक्रारी मुळात कमी जातात, आणि ही कमी संख्या आपल्याच विरोधात वापरली जाते. सोसायट्यांच्या भागातून दिवसाला दहा तक्रारी, आपल्याकडून आठवड्याला दोन. नकाशावर रंग भरणाऱ्याला काय दिसणार? मोहल्ला स्वच्छ आहे. मग मशीन तिकडे, माणसं तिकडे.

तक्रारी कमी का जातात? कारण आपण ‘भाई’कडे जातो. प्रत्येक मोहल्ल्यात एक भाई असतो, कधी नगरसेवक, कधी माजी, कधी होऊ घातलेला. गटार तुंबलं की चाचा लोक त्याच्या ऑफिसात जाऊन बसतात. भाई मुकादमाला फोन लावतो, स्पीकरवर. दोन दिवसांनी चार माणसं येतात, गाळ काढून काठावरच टाकतात (तो पुढच्या पावसात परत आत जातो), फोटो निघतो, आणि कोपऱ्यावर फ्लेक्स लागतो: अमुक भाईंच्या अथक प्रयत्नांनी. चाचा खूश. महापालिकेच्या दफ्तरात मात्र या सगळ्याची एक ओळही नाही. तक्रार नाही, काम नाही, खर्च नाही, मुदत नाही. जो आपला हक्क होता, ज्यासाठी आपण कर भरतो, तो कुणाचा तरी एहसान झाला. आणि एहसान निवडणुकीत वसूल होतो.

मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं कारभार प्रशासकांच्या हाती होता. नगरसेवक नावाचं पदच रिकामं होतं. तरीही लोक माजी नगरसेवकाच्या ऑफिसातच जात राहिले. त्याच्याकडे अधिकार नव्हता, फक्त मुकादमाचा नंबर होता. तेवढ्या नंबरावर आपल्या वस्त्यांचं राजकारण चालतं, हे बोलायला आपल्याला जड जातं. पण बोलायला हवं, कारण हा फोन जोवर चालतो तोवर लेखी नोंदीची गरज कुणालाच वाटत नाही: ना महापालिकेला, ना भाईला, ना आपल्या वडीलधाऱ्यांना.

बकरी ईदचं बघा. ईदच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. ट्रस्टी, मौलाना, भाई, महापालिकेचे अधिकारी, सगळे हजर. पाणी जास्त वेळ सोडू, कुर्बानीचा कचरा उचलायला जादा गाड्या लावू, पावडर मारू. आणि ते तीन दिवस गाड्या खरंच येतात. म्हणजे माणसं आहेत, गाड्या आहेत, आमच्या अरुंद गल्लीत शिरणारी छोटी गाडीसुद्धा आहे. चौथ्या दिवशी ती कुठे जाते? मला या बैठकीचा राग येत नाही, राग येतो तो जागेचा. दुसऱ्या वस्तीचा कचरा हा आरोग्याचा विषय, आणि आपला कचरा कायदा-सुव्यवस्थेचा. तो पोलीस ठाण्यात ठरतो. आणि आपण तिथे चहा पिऊन, शाल घेऊन येतो, अन् वर्षाचे बाकीचे दिवस कुणी विचारत नाही.

यावर दोन उत्तरं ऐकू येतात. कार्यालयातलं उत्तर असं: “ते लोकच घाण करतात.” मोहल्ल्यातलं उत्तर असं: “आपण मुसलमान आहोत म्हणून करत नाहीत.” पहिलं उत्तर उर्मट आहे. ज्या गल्लीत घंटागाडी शिरतच नाही तिथला कचरा कोपऱ्यावर साठणार, ती माणसं कुठल्याही धर्माची असोत. दुसरं उत्तर खोटं नाही. सच्चर समितीने 2006 मध्ये मुस्लिमबहुल वस्त्यांतल्या नागरी सुविधांची दशा नोंदवली आहे. 2023 मध्ये सॅम ॲशर, पॉल नोव्होसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या सुमारे 15 लाख वस्त्यांची आकडेवारी तपासली. मुस्लिम आणि दलित वस्त्यांत सरकारी सुविधा कमी पोचतात, आणि जिल्ह्याची सरासरी काढली की ही तफावत दिसेनाशी होते, असं त्यांना आढळलं. वस्ती-वस्तीचे आकडे मांडले तरच ती दिसते. म्हणूनच मला दुसऱ्या उत्तराचाही राग येतो. ते खरं आहे, पण आपण ते चहाच्या टपरीवर म्हणतो आणि उठतो. भेदभाव होतो असं म्हणायचं तर दोन वस्त्यांच्या तक्रारींच्या तारखा शेजारी-शेजारी मांडता आल्या पाहिजेत. त्या मांडायला आधी तक्रार केलेली असावी लागते.

“मग इथे राहायला कुणी सांगितलं होतं?” हेही ऐकलं असेल तुम्ही. हा युक्तिवाद जुना आहे, आणि सर्वोच्च न्यायालयात तो टिकला नाही. मध्य प्रदेशातल्या रतलाममध्ये एका वॉर्डातले रहिवासी उघडी गटारं, दुर्गंधी आणि मैला यांनी वैतागून थेट उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे गेले. त्याने नगरपालिकेला काम करायला सांगितलं. नगरपालिका भांडत भांडत दिल्लीपर्यंत गेली. तिचं म्हणणं दोन मुद्द्यांचं होतं: लोक आपल्या मर्जीने, परिस्थिती माहीत असताना तिथे राहायला गेले, आणि आमच्याकडे पैसे नाहीत. 29 जुलै 1980 रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. पैशांची अडचण सांगून नगरपालिकेला आपलं मूलभूत कर्तव्य टाळता येणार नाही. मला हा निकाल वाचताना मुंब्रा आठवतो. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतून तिथे गेलेल्या हजारो कुटुंबांना ‘मर्जी’ हा शब्द लावून बघा.

रतलामच्या लोकांनी वापरलेलं कलम फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133 होतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 152 या क्रमांकाने आहे. वकिली शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी ते काढून वाचावं. दुसरं, घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016. दारोदार कचरा गोळा करण्याचं कर्तव्य सांगताना त्यात झोपडपट्ट्या आणि अनौपचारिक वस्त्या यांचा स्पष्ट उल्लेख होता. याचं महत्त्व आपल्याइतकं कुणाला कळणार? कारण प्रभाग कार्यालयात तक्रार घेऊन गेलात की खिडकीमागून पहिला प्रश्न येतो, “तुमची बिल्डिंग अधिकृत आहे का?” घर अधिकृत असो की नसो, कचरा कचराच असतो, हे या नियमाने लिहून ठेवलं होतं.

हा प्रश्न म्हणजे खरं तर धमकी असते आणि तिचा परिणाम होतो. आमच्याकडे एकाने नाव-पत्ता देऊन तक्रार केली. आठवड्याच्या आत ठेकेदाराच्या माणसाला त्याचं नाव माहीत होतं, आणि महिनाभरात त्याच्या वाढीव खोलीला अतिक्रमणाची नोटीस. दोन गोष्टींचा संबंध सिद्ध करता येणार नाही. मोहल्ल्याला सिद्ध करायची गरज वाटली नाही; त्यानंतर त्या गल्लीतून तक्रारच गेली नाही. सध्याच्या वातावरणात बुलडोझर हा शब्द उच्चारला की लोक गप्प होतात. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी पाडकामाआधी किमान 15 दिवसांची नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी बंधनकारक केली, हे चांगलं झालं, पण गटाराची तक्रार करणाऱ्याला एवढा कायदा खिशात घेऊन फिरावं लागतं, यातच सगळं आलं. तक्रारदाराचं नाव ठेकेदारापर्यंत पोचता कामा नये, ही मागणी आपण सगळ्यात मोठ्या आवाजात करायला हवी. तोवर तक्रार एकट्याने न करता मोहल्ल्याच्या नोंदणीकृत मंडळाच्या नावाने, पंधरा-वीस सह्यांनी करावी. वीस घरांना नोटीस काढणं एका घराला काढण्याइतकं सोपं नसतं.

गटारात उतरणाऱ्या माणसाबद्दलही बोलतो, कारण आपली जीभ तिथे घसरते. तक्रारीचा दबाव वरून खाली येतो तेव्हा तो ठेकेदारापाशी थांबत नाही, कंत्राटी सफाई कामगारापाशी थांबतो. त्याचाच दिवस कापला जातो. हातमोजे नसतात, गमबूट फाटका असतो. 2013 च्या कायद्याने माणसाला सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात उतरवण्यावर बंदी आहे, तरी तो उतरवला जातो. तो बहुतेक दलित असतो, आणि आपले लोक वरून त्याला जातीच्या नावाने हाक मारतात. आपल्यातही मेहतर, हलालखोर आहेत, त्यांच्याशी आपण कसं वागतो तेही आपल्याला माहीत आहे. ‘आमच्याशी भेदभाव होतो’ ही तक्रार आणि ही हाक एकाच तोंडातून निघू नये. तक्रार लिहिताना कामगाराचं नाव लिहू नका. निरीक्षकाचं पद, ठेक्याचा क्रमांक, न आलेल्या गाडीचा वार लिहा.

भाषेचा मुद्दा राहिला. गटाराबद्दल सगळ्यात जास्त माहिती आपल्या अम्मींना आणि खालांना असते: पाणी कधी चढतं, कुठल्या चेंबरमधून उलटतं, गाडी कोणत्या दिवशी चुकली. त्यातल्या कित्येकींना मराठी-इंग्रजी फॉर्म भरता येत नाही, उर्दू येते. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू असायला हरकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये सांगितलं. पाटीवर चालते ती तक्रारीच्या ॲपवर का नको? किमान आवाजात तक्रार नोंदवायची सोय द्या. आजकाल ते तंत्र फुकटच्या मोबाइलातही असतं.

मागणी म्हणून माझ्या डोक्यात आहे ते फार अवघड नाही. तक्रार बंद करायचा अधिकार तक्रारदाराकडे हवा. अधिकाऱ्याने ‘काम झालं’ लिहावं, तक्रारदाराला विचारलं जावं, त्याने ‘नाही’ म्हटलं तर तक्रार त्याच क्रमांकाने, पहिल्याच तारखेपासून उघडी राहावी. विभाग चुकला तर ती पुढे सरकावी, मरू नये. फोटो आधीचा आणि नंतरचा, दोन्ही त्याच जागेचे. आणि प्रत्येक वस्तीची नोंदवही माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाखाली कुणी न मागता वेबसाइटवर लागावी, नावं झाकून. वर दाद मागायची जागा महापालिकेच्या बाहेर असावी. केरळने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी वेगळा ऑम्बुड्समन नेमला आहे; महाराष्ट्राला कोण अडवतंय? संगणकाच्या बाजूने सांगायचं तर ॲपमधले बदल दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. खर्चाचं कारण सांगायला येतील त्यांना रतलाम दाखवा.

हे कुठे मागायचं? महाराष्ट्राच्या कायद्यात 2009 पासून क्षेत्र सभेची तरतूद आहे. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. भाईला तिथे वेगळी खुर्ची नाही. बहुतेक शहरांत ती भरवलीच जात नाही. आमच्या गल्लीतल्या सात जणांनी नगरसेवकाला ती भरवण्यासाठी लेखी पत्र दिलं आहे, पोच घेतली आहे, आणि विषयपत्रिकेचा पहिला विषय म्हणून गेल्या वर्षातल्या ‘निकाली’ तक्रारींची यादी जोडली आहे, प्रत्येकीपुढे त्या जागेचा या आठवड्यातला फोटो. भाईने निरोप पाठवला की एवढं कशाला, एक फोन करायचा होता. आम्ही त्यालाही सभेचं निमंत्रण दिलं आहे.